आजचं चिंतन : घाव घालणाऱ्यालाही सावली



ज्ञानेश्वरी, अध्याय १२. 'समः शत्रौ च मित्रे च' समजावताना माउली झाडाचा दृष्टांत देतात. कुणी लावलं, कुणी तोडायला घाव घातला, झाड दोघांनाही तीच सावली देतं.

काल हे वाचलं आणि कोपऱ्यातल्या गिटारकडे बघवेना. पाठीला तडा गेलाय म्हणून नवीन ऑर्डर करणार होतो. पाठ शिसवीची. शिसव आपल्या सह्याद्रीतलं झाड. जगभर शिसवाच्या जातींची इतकी तोड झाली, की २०१७ पासून त्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानं बंधनं आली. म्हणजे घाव घालणाऱ्यांत मीही आलोच ना!

मिरजेचा तंबोरा बघा. त्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकतो, लाकूड मुख्यतः दांडी आणि तबलीलाच लागतं. आणि जुना तंबोरा कुणी टाकत नाही, दुरुस्त करून पुढच्या पिढीला देतात.

आज संगमनेरच्या बाजारात पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गिटार नेली. म्हणाले, "आतून पट्टी चिकटवतो रे, पण आवाज थोडा बदलेल हां."

म्हटलं, "चालेल काका."