तांदळातले खडे

अकोले,
श्रावणातला दुसरा सोमवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, सोडून देऊ का गं अंगणवाडीतलं मदतनिसाचं काम?" मी म्हटलं, पत्र लिहिते, तर तू हसलीस. हस. फोनवर मी आधी रागावते आणि मग विचार करते. कागदावर तसं करता येत नाही, शाई वाया जाते.

तालुक्याच्या गावी नवी इंग्रजी माध्यमाची नर्सरी निघाली आहे, तिथल्या मॅडम तुला आठ हजार देते म्हणाल्या, गुलाबी साडी आणि ओळखपत्र मिळेल, आणि मुख्य म्हणजे तिथे कुणी "ए खिचडीवाली" म्हणणार नाही. हे शेवटचं तू हळू आवाजात सांगितलंस, पण मला तेच सगळ्यात मोठ्याने ऐकू आलं. मीही ऐकलंय ते. मी सेविका झाल्यावरसुद्धा ग्रामसभेत एकाने विचारलं होतं, "बाई, पोरं सांभाळायचे सरकार पैसे देतं होय?" त्याची दोन्ही पोरं माझ्याकडे होती.

आधी हिशेब. 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा सेविकेला महिना 100 रुपये होते आणि मॅट्रिक असेल तर 150. मदतनिसाला 35. यातली एक गोष्ट मला अजून नवलाची वाटते. तेव्हा शिकलेल्या बाईला 50 रुपये जास्त होते, म्हणजे दीडपट. पुढे मानधन वाढत गेलं, पण केंद्राच्या वाट्यात शिक्षणाचा तो फरक पुसला गेला. दहावी नापास असो की बी.ए., सगळ्यांना सरसकट एकच. 2018 ला केंद्राने सेविकेचे 4,500 आणि मदतनिसाचे 2,250 केले. त्यानंतर तुमच्या हातात जे वाढलं ते राज्याच्या वाट्यातून, आणि तेही कुणी आपणहून उठून दिलं नाही. 2023 च्या डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत 50 हून अधिक दिवस बायका संपावर होत्या, हे तुला मी सांगायला नको, तूही आझाद मैदानात जाऊन आलीस. 2024 च्या ऑक्टोबरात सेविकेचं मानधन 13,000 आणि तुझं 7,500 झालं. दिवाळीला सरकार 2,000 रुपये भाऊबीज देतं ती वेगळी. (भावाने बहिणीला ओवाळणी घालावी, पगार म्हणू नये, असा हा भाऊ आहे. असो.)

म्हणजे आजच्या आज बघितलं तर नर्सरीचे आठ हजार जास्तच आहेत. पाचशे रुपयांनी. आता उद्याचं बघ. केंद्राने 2022 मध्ये सक्षम अंगणवाडी आणि पोषण 2.0 च्या ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात लिहिलंय की सेविकांच्या निम्म्या जागा 5 वर्षं अनुभव असलेल्या मदतनिसांतून भराव्यात आणि पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा 5 वर्षं अनुभव असलेल्या सेविकांतून. तुझी बारावी झालेली आहे. पाच वर्षं येत्या माघात पुरी होतात. तुमच्या सेविकाबाई दीड वर्षात निवृत्त होतात. मी पर्यवेक्षिका झाले नाही, कारण पदवी घ्यायचं मी "पोरं मोठी झाली की" म्हणत पुढे ढकललं आणि पोरं मोठी झाली तेव्हा वय गेलं होतं. तू नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घाल, याच वर्षी घाल. अभ्यास रात्री करायचा असतो हे मला माहीत आहे, आणि रात्री डोळे मिटतात हेही.

कोसबादच्या अनुताई वाघांचं तू ऐकलं असशील. बालपणीच वैधव्य आलं, प्राथमिक शिक्षिका झाल्या, आणि नोकरी करता करता रात्रशाळेत बसून मॅट्रिक झाल्या. 1945 ला ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या, तिथून पुढे कोसबादच्या टेकडीवर. आदिवासी पोरं शाळेत येईनात तेव्हा या बायकांनी शाळाच पाड्यावर नेली, अंगणात मांडली. आज तुझ्या पाटीवर अंगणवाडी हा जो शब्द लिहिलाय तो तिथला आहे. त्या दोघींना कुणी आया म्हणालं नाही असं समजू नकोस. पण त्या जे करत होत्या ते त्यांनी लिहून ठेवलं, इतरांना शिकवलं, त्याचं शास्त्र आहे हे दाखवून दिलं. आपल्याकडे तिथेच घोडं अडतं.

गेल्या उन्हाळ्यात मी तुझ्याकडे आले होते, आठवतं? तू ओट्यावर तांदूळ निवडत होतीस. ठाकरवाडीची चार पोरं तुझ्या भोवती. तू सुपातून खडा काढायचीस आणि एकेकाच्या तळहातावर ठेवायचीस. "तुला एक, तुला एक, तुला एक... आता या धाकट्याला कुठाय?" ते धाकटं हात पसरून बसलेलं. तांदूळ निवडून झाले तेव्हा ते पोरगं आपणहून सगळ्यांचे खडे गोळा करून परत एकेक वाटत होतं आणि एक कमी पडला म्हणून रडकुंडीला आलं होतं. मी काही बोलले नाही, कारण मला बघायचं होतं.

सोनू, याला अंगणवाडीच्या आकार अभ्यासक्रमात नाव आहे. एकास एक संगती. अंक शिकण्याच्या आधीची पायरी ती. गुलाबी साडीवाल्या नर्सरीत पोरांकडून वन टू थ्री शंभरपर्यंत पाठ म्हणून घेतात आणि पाच खडे समोर ठेवले तर त्यातल्या निम्म्यांना मोजता येत नाहीत. मी पाहिलंय. तुला जे येतं ते येतं, पण त्याला काय म्हणतात हे तुला ठाऊक नाही. म्हणून कुणी विचारलं की तू म्हणतेस, "काही नाही, पोरं खेळवते." बैठकीत असं म्हटलं की साहेब वहीत खिचडी एवढंच लिहून घेतात.

प्रशिक्षण घे म्हणते ते यासाठी. 2023 पासून पोषण भी पढाई भी हे प्रशिक्षण सुरू झालंय, सेविकांना तीन दिवसांचं असतं. तीन दिवसांत काय होतं, असं तुमच्या सेविकाबाई म्हणतात. काही प्रमाणात खरंय. मला सुरुवातीला महिनाभर घर सोडून प्रशिक्षण केंद्रात राहायला लागलं होतं. तुझी आई म्हणायची, हिला माहेरपण मिळालं. तिथे मी पहिल्यांदा मुलाचं निरीक्षण कसं लिहायचं ते शिकले. तीन दिवसांत तेवढं नाही व्हायचं. तरी तू पर्यवेक्षिकाबाईंना विचार, "मी मागे बसू का?" नाही म्हणाल्या तर साहित्य माग. तीन ते सहा वर्षांसाठीचं आधारशिला आणि तीन वर्षांखालच्यांसाठीचं नवचेतना, दोन्ही वाच. धाकट्यांचं आधी वाच, कारण त्यांच्याकडे कुणी बघतच नाही. आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकेसाठी बालशिक्षणाचा 6 महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेलीसाठी 1 वर्षाची पदविका सांगितली आहे. तीन ते आठ वर्षं हा आता शिक्षणाचा एकच टप्पा धरलाय. म्हणजे पुढे या वयाच्या मुलांसमोर उभं राहायला कागद लागणार आहे, अंगणवाडीतही आणि नर्सरीतही. तो कागद तुझ्याकडे तेव्हा असायला हवा.

आता प्रोत्साहन भत्त्याविषयी. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिते.

केंद्राने 2018 मध्येच सेविकेला 500 आणि मदतनिसाला 250 रुपये कामगिरीवर ठेवले. राज्यानेही आता आपला भत्ता जोडलाय. चांगलं काम करणारीला चार पैसे जास्त मिळावेत, याला माझी ना नाही. पण कामगिरी म्हणजे काय ते मोबाइल ठरवतो. किती मुलांचं वजन-उंची भरली, किती दिवस अंगणवाडी उघडली, किती गृहभेटी नोंदवल्या. जे मोजता येतं त्याचे पैसे मिळतात. धाकट्याने खडे वाटले, याला पोषण ट्रॅकर ॲपमध्ये रकाना नाही.

माझ्या वेळी मोबाइल नव्हता, 11 रजिस्टरं होती, आणि भत्ता नव्हता, बोलणी होती. एका पावसाळ्यात आमचा सॉल्टर काटा बिघडला. दुरुस्तीला दिला तो दोन महिने आलाच नाही. मासिक अहवाल कोरा गेला तर बैठकीत उभं करायचे. मी काय केलं? मागच्या महिन्याच्या वजनात दोनशे-दोनशे ग्रॅम मिळवून आकडे भरले. सगळ्या बायका करायच्या. तिसऱ्या महिन्यात वरच्या आळीतली एक बाई पोराला कडेवर घेऊन आली. म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणता वजन वाढतंय. मग हा असा का?" मी दंडाला पट्टी लावली. अकरा सेंटिमीटरच्या जरा वर, साडेअकराच्या आत, लाल पट्ट्यात. वजन तीन महिन्यांपूर्वी होतं त्याहून कमी. माझ्या रजिस्टरात मात्र तो चांगला बाळसं धरत होता.

पोर वाचलं. तालुक्याच्या दवाखान्यात चौदा दिवस होतं, मी रोज संध्याकाळी शेवटच्या एसटीने जायची. आता तो टेम्पो चालवतो, रस्त्यात दिसला की हॉर्न वाजवतो. त्याच्या आईला मी ते आकडे कधी सांगितले नाहीत. तुला पहिल्यांदा सांगते आहे.

तेव्हा नुसत्या बोलण्यांच्या भीतीने मी खोटं लिहिलं. आता त्यात पैसे आलेत, म्हणजे मोह वाढला. रेंज नाही, काटा नाही, पोर गावाला गेलंय, तरी रकाना भरला की भत्ता. तू सेविका झालीस की एखाद्या महिन्यात तुझा भत्ता बुडेल. बुडू दे. त्या महिन्यात "काटा नादुरुस्त, तारीख अमुक, कळवले" असं लिहून त्याची पोच घे. पुढच्या बैठकीत भत्ता का बुडाला हे चारचौघींत उभी राहून विचार, आणि एकटी विचारू नकोस, बीटमधल्या सगळ्याजणी मिळून विचारा. 2021 ला तुमच्या बायकांनी मोबाइल परत केले होते, मराठी नसलेलं ॲप आणि अडणारे फोन म्हणून. तेव्हा मला वाटलं होतं, जरा जास्तच करतायत. आता वाटतं, आम्ही 11 रजिस्टरं गुमान भरली, एकही परत केलं नाही.

दुसरं, पोच हा शब्द आलाच आहे तर. मी आधी तीन वर्षं मदतनीस होते हे तुला माहीत आहे. नेमणुकीचा आदेश मागितला तर म्हणाले, हजेरीपटावर नाव आहे ना, मग झालं. निवृत्तीच्या वेळी सेवेचा हिशेब करायला बसले, तर त्या वर्षांचा हजेरीपट वाळवीने खाल्लेला. तीन वर्षं गेली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये निकाल दिला की 1972 चा उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी कायदा अंगणवाडीच्या सेविका-मदतनिसांनाही लागू होतो. गुजरातमधल्या बायका लढल्या त्यासाठी. त्याच न्यायालयाने 2006 ला आपण सरकारी पदावर नाही असं म्हटलं होतं, म्हणजे केवढा पल्ला गाठला बघ. पण निकाल वर्तमानपत्रात वाचून पैसे खात्यात येत नाहीत. तू कोणत्या तारखेपासून, कोणत्या पदावर, सलग किती वर्षं, हे दाखवावं लागतं. तुझा नेमणूक आदेश कुठे आहे? "असेल कपाटात" असं म्हणू नकोस. शोध. त्याच्या दोन प्रती काढ, एक माझ्याकडे ठेव. प्रत्येक प्रशिक्षणाची तारीख, ठिकाण आणि किती दिवस ते लिहून ठेव, प्रमाणपत्र दिलं नसेल तर हजेरीपत्रकाचा फोटो काढ.

आणि एक साधी शंभर पानी वही कर, सरकारी नव्हे, तुझी. तीत मोबाइल विचारत नाही ते लिही. कोण आज पहिल्यांदा बोललं, कुणी खडे वाटले, तुझ्या ठाकरी बोलीतल्या गाण्यावर कोण उठून नाचलं. चार ओळी पुरे. उद्या मुलाखतीत कुणी विचारलं, पाच वर्षं काय केलं, तर खिचडीचं नाव काढायच्या आधी ती वही टेबलावर ठेव.

तर सोडू का, याचं उत्तर. माझं मन नको म्हणतं. पण मी तुझ्या घरात राहत नाही, जावईबापूंची मजुरी पावसात बंद असते हे मला कळतं, आणि आज हातात येणाऱ्या पाचशे रुपयांपुढे दीड वर्षानंतरचे तेरा हजार लांब दिसतात हेही. म्हणून त्या नर्सरीच्या मॅडमना लगेच नाही म्हणू नकोस. त्यांना एवढंच विचार: नेमणूकपत्र लेखी देणार का, मे महिन्याचे पैसे मिळणार का, बाळंतपणाची रजा आहे का. विचारताना नम्र राहा, पण उत्तर लिहून माग. काय म्हणतात ते मला कळव.

गणपतीला येशीलच. येताना आदेश, बारावीची गुणपत्रिका आणि असतील नसतील ते सगळे कागद पिशवीत घालून आण. गौरी जेवल्या की दुपारी आपण दोघी फाइल लावत बसू. मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाचे पैसे मी काढून ठेवलेत, भाऊबीज म्हणून नव्हे, उसने. सेविका झालीस की परत कर.

तुझी,
मावशी