नंबर तोच, रिचार्ज स्वस्त

या, बसा टेबलाशी. चहाचा कप जरा बाजूला सरकवा आणि फोन हातात घ्या. आज तुमचा प्रीपेड नंबर न बदलता स्वस्तातल्या कंपनीकडे न्यायचाय, म्हणजे ‘पोर्ट’ करायचाय. काम अवघड मुळीच नाही, पण क्रम चुकला की आठवडा फुकट जातो. बहुतेक जण रिचार्जचा आकडा बघून चिडतात, त्याच तिरमिरीत पोर्टिंगसाठी १९००ला एसएमएस टाकतात आणि मग प्लॅन शोधत बसतात. आपण तो एसएमएस बराच उशिरा टाकणार आहोत.

साहित्य: मूळ आधार कार्ड (झेरॉक्स नको), घरातला दुसरा एखादा चालू नंबर, वही, पेन आणि सिमचा ट्रे उघडायची पिन. पिन हरवली असेल तर कानातल्या टॉप्सची दांडी चालते.

१. मागच्या महिन्यात किती डेटा वापरला ते फोनच्या सेटिंगमध्ये बघा. रोज दीड जीबीचा प्लॅन म्हणजे २८ दिवसांत ४२ जीबी. घरी वायफाय, ऑफिसात वायफाय आणि फोन म्हणतोय सहा जीबी, तर उरलेल्या ३६ जीबीचे पैसे तुम्ही दानधर्म म्हणून भरताय. मात्र आकडा मोबाइल डेटाचाच बघा, वायफायचा वेगळा दाखवतात.

२. प्लॅनच्या किमतीला दिवसांनी भागा. इथे डोळ्यांवर नाही, वहीवर विश्वास ठेवा. २८ दिवसांच्या प्लॅनला आपण सवयीने ‘महिन्याचा’ म्हणतो, पण वर्षात ते रिचार्ज बारा नाही, तेरा होतात. समजा २८ दिवसांना ३०० रुपये पडतात: दिवसाला १० रुपये ७१ पैसे, वर्षाला ३,९००. समजा दुसरीकडे ८४ दिवसांना ८०० आहेत: दिवसाला साडेनऊ, वर्षाला साधारण ३,४७५. एकदम ८०० बघून पोटात गोळा येतो खरा, पण स्वस्त तोच. प्रत्येक प्लॅनपुढे ‘दिवसाला किती’ हा एकच आकडा लिहा आणि बाकीची जाहिरात विसरा.

३. तुमच्या आताच्याच कंपनीत असा स्वस्त प्लॅन आहे का ते बघा. डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, आदेश काढला, तेव्हापासून कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅनही द्यावे लागतात. घरी बसून फोनवर नुसतं बोलणाऱ्या आई-बाबांसाठी ते उत्तम. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ते पहिल्या पानावर सहसा नसतात, खाली खाली जा. इथेच काम झालं तर पुढचं काही वाचू नका.

४. तुमचा फोन नव्या कंपनीवर चालेल का ते तपासा. जिओचं नेटवर्क फक्त ४जी आणि ५जी आहे. आजोबांचा जुना २जी बटणांचा फोन त्यावर मुकाच राहणार.

५. नव्या कंपनीची रेंज स्वतःच्या घरात, तिच्याच सिमवर तपासा. कंपन्यांना आपल्या रेंजचे नकाशे वेबसाइटवर ठेवावे लागतात, ते जरूर बघा, पण नकाशाला तुमच्या बेडरूमची भिंत दिसत नाही. त्या कंपनीचं सिम असलेला शेजारी शोधा, नाहीतर वॉचमनदादांना विचारा. बिल्डिंगमध्ये कुठे उभं राहिलं की काय लागतं ते त्यांना पाठ असतं. त्यांचा फोन पाच मिनिटं मागून घ्या आणि चार जागी प्रत्यक्ष कॉल लावा: सगळ्यात आतली खोली, लिफ्टची लॉबी, खालचं पार्किंग आणि तुम्ही रोज गाडी पकडता ते स्टेशन, आपल्या नवी मुंबईतल्या उलव्याचं बामणडोंगरी असो की खारकोपर. स्टेशनवरची चाचणी त्याच कंपनीचं सिम असलेल्या सहप्रवाशाच्या फोनवर, संध्याकाळच्या गर्दीतच करा. दुपारी रिकाम्या फलाटावर सगळ्यांचीच रेंज छान असते.

ही पायरी मी एकदा टाळली होती. गॅलरीत उभं राहून मित्राच्या फोनवर चार दांड्या बघितल्या आणि खूश होऊन नंबर पोर्ट केला. बेडरूममध्ये फोन बंद, स्वयंपाकघरात अर्धी दांडी. एकदा पोर्ट केलं की ९० दिवस परतीचा रस्ता बंद, त्यामुळे तीन महिने गॅलरीत उभं राहून बोलत होतो. समोरच्या बिल्डिंगला आमच्या घरातलं सगळं ठाऊक झालं. उलव्यात आणखी एक भानगड: शेजारचा प्लॉट मोकळा असेल तर उद्या तिथे उंच इमारत उभी राहील आणि आजची रेंज अडेल. काठावरच्या रेंजवर भरवसा ठेवू नका.

६. गावाला कुणाची रेंज येते ते गावच्या माणसाला विचारा. उलव्यात झकास चालणारं सिम कोकणातल्या एखाद्या वाडीत पार आंधळं होतं.

७. नंबर कुणाच्या नावावर आहे ते बघा. दहा वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या कागदपत्रांवर घेतलेलं सिम असेल तर सासऱ्यांनाच सोबत न्या. नाव बदलून घ्यायचं असेल तर ते आधी पूर्ण करा; नावबदलाचा अर्ज अर्धवट असताना पोर्टिंग नाकारलं जातं.

८. तारखा मोजा. आताच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत. सिम हरवलं म्हणून किंवा खराब झालं म्हणून बदलून घेतलं असेल तर त्यानंतर सात दिवस थांबावं लागतं. दिवस भरले नसतील तर कॅलेंडरवर खूण करा आणि त्या दिवशी इथूनच पुढे चला.

९. सिमवर साठवलेले नंबर फोनमध्ये उतरवून घ्या. कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंगमध्ये ‘इम्पोर्ट’ असतं. आई-बाबांच्या फोनमध्ये हे हमखास बघा. दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्या चिपवर बसलेले असतात आणि सिम बदललं की एकदम गायब.

१०. जुन्या कंपनीचं ऑटोपे बंद करा. यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘मॅन्डेट’ किंवा ‘ऑटोपे’ शोधा. हे राहिलं तर नंबर गेल्यावरही तिकडे पैसे कापले जाण्याची टांगती तलवार राहते.

११. दिवस निवडा: सोमवार किंवा मंगळवार. पोर्टिंगला कामाचे तीन दिवस लागतात. दूरसंचार सर्कल (कंपन्यांचा सेवा-विभाग) बदलत असेल तर पाच. मुंबई हे एक सर्कल आणि महाराष्ट्र-गोवा हे वेगळं. म्हणजे तुमचा नंबर साताऱ्याला किंवा रत्नागिरीला घेतलेला असेल आणि नवं सिम मुंबई सर्कलचं निघालं, तर पाच दिवस धरा. रविवार आणि सुट्ट्या त्यात मोजत नाहीत. गणपतीला गावी निघायच्या आदल्या आठवड्यात हा उद्योग अजिबात नको.

१२. जुन्या प्लॅनचे किती दिवस उरलेत ते बघा. आठवडाभर शिल्लक असेल तर अगदी योग्य वेळ आहे. दोन महिने शिल्लक असतील तर थांबा, कारण उरलेले दिवस आणि बॅलन्स नव्या कंपनीत येत नाही.

१३. आता तो एसएमएस टाका, दुकानात निघायच्या तासभर आधी. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत पी, ओ, आर, टी. मग एक जागा सोडून तुमचा दहा आकडी नंबर. पाठवायचं १९०० वर. फोनमध्ये दोन सिम असतील तर जो नंबर न्यायचाय त्याच सिमवरून पाठवा. इथे निम्मी मंडळी फसतात.

१४. आलेला आठ अक्षरांचा कोड वहीत उतरवून घ्या. याला यूपीसी म्हणतात आणि आपल्याकडे तो चारच दिवस चालतो. ‘ओ’ आणि शून्य यांत घोळ करू नका. कोडऐवजी नकार आला तर कारणही त्याच एसएमएसमध्ये असतं. आणि हा कोड फोनवर कुणालाही सांगायचा नाही, समोरचा कितीही गोड बोलला तरी. कोड म्हणजे तुमच्या नंबराची किल्ली.

१५. कंपनीच्या स्टोअरमध्ये किंवा ओळखीच्या मोबाइलवाल्याकडे जाऊन ‘पोर्ट करायचंय, प्रीपेड’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘नवीन सिम द्या’ म्हणालात तर खरोखरच नवा नंबर हातात पडेल.

१६. आधार दाखवून केवायसी करा. फोटो तिथेच काढतात, अंगठा यंत्रावर ठेवायला सांगतात, पर्यायी नंबरवर ओटीपी येतो. तो घरातला दुसरा नंबर इथे कामी येतो. आजींचा अंगठा उमटत नसेल तर बोट कोरडं पुसून पुन्हा बघा, तरी नाही जमलं तर अंगठ्याशिवायची डिजिटल केवायसी मागा. दुकानदार ‘नीट आला नाही, परत ठेवा’ म्हणाला तर आधी स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगा. दुसऱ्या अंगठ्यावर तुमच्या नावाचं भलतंच सिम निघाल्याचे प्रकार घडले आहेत.

१७. पैसे देण्याआधी कशाचे किती ते विचारा. पोर्टिंगची ठरलेली फी ६ रुपये ४६ पैसे आहे आणि ग्राहकाकडून ती बऱ्याचदा घेतच नाहीत. दोन-तीनशे मागितले तर त्यात पहिला रिचार्ज धरलाय का, आणि तो तुम्ही वहीत खूण केलेलाच प्लॅन आहे का, हे वदवून घ्या.

१८. नवं सिम पाकिटातच ठेवा, जुनं फोनमध्ये राहू द्या. नंबर सरकेपर्यंत जुनंच चालतं. घाई करून काढलंत तर मधले दोन दिवस फोन बंद. मन बदललं तर २४ तासांच्या आत इंग्रजीत ‘कॅन्सल’, जागा सोडून नंबर, असं १९००लाच पाठवा.

१९. जुन्या कंपनीचा फोन आला तर ‘नको’ म्हणा आणि ठेवा. ‘तुमच्यासाठी खास ऑफर’ खरी असेलही, पण कोड किंवा ओटीपी विचारला की फोन कट.

२०. जुन्या सिमची रेंज गेली की नवं सिम घाला. नंबर कधी सरकणार याचा एसएमएस आधी येतो. मधली बंद वेळ चार तासांपेक्षा जास्त नसावी असा नियम आहे. त्या वेळात रिक्षावाल्याला द्यायला खिशात शंभर-दोनशे रोख असू द्या.

२१. फोन एकदा बंद करून चालू करा. डेटा नाही आला तर सेटिंगमध्ये एपीएन (मोबाइल इंटरनेटची जोडणी) ‘रीसेट’ करा; जुन्या कंपनीचं एपीएन चिकटून बसलेलं असतं.

२२. घरच्या दुसऱ्या नंबरला कॉल लावा आणि तिकडून परत लावायला सांगा. जाणारा लागला म्हणजे येणारा लागेलच असं नाही, दोन्ही बघा.

२३. यूपीआय अ‍ॅप उघडून सिमची पडताळणी पुन्हा करा. अ‍ॅप तुमच्या फोनवरून स्वतःच एसएमएस पाठवतं, त्यामुळे एसएमएस चालू झालेत का ते आधी तपासा. नंबर तोच असल्याने बँकेत, गॅस एजन्सीत, शाळेत काहीही कळवायची गरज नाही.

२४. दोन दिवसांनी सरकारच्या संचार साथी पोर्टलवर जाऊन तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते बघा. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच ‘हा माझा नंबर नाही’ निवडून तक्रार नोंदवा.

२५. नव्या प्लॅनच्या शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधीचं स्मरण फोनमध्ये लावा. ८४ दिवसांचा घेतला असेल तर ती तारीख महिन्याच्या हिशेबात बसत नाही आणि कुणाच्याच लक्षात राहत नाही. आता वहीचं ते पान फाडू नका, बाबांचा नंबर अजून राहिलाय.