जुन्या फिल्मचा फोकस

दौलताबादच्या किल्ल्यांत काढलेली, एका सोबत्याच्या घरची जुनी निगेटिव्ह आम्हीं 'निकॉन सुपर कूलस्कॅन ४०००' ह्या जुन्या स्कॅनरमध्यें घातली. निकॉननें आपलें मूळ सॉफ्टवेअर नव्या संगणकांसाठीं पुढें चालविलें नाहीं. म्हणून १९९८ मध्यें निघालेलें 'व्ह्यूस्कॅन' हें त्रयस्थ सॉफ्टवेअर घेतलें. चित्र उमटलें, पण मधला चांदमिनार स्पष्ट, आणि कडेस उभे असलेले सोबत्याचे आजोबा अस्पष्ट!

असें कां व्हावें? हें यंत्र इंचास ४,००० ठिपके वाचतें. म्हणजे एकेक ठिपका सुमारें ०.००६ मिलिमीटरचा. इतक्या सूक्ष्म वाचनांत फोकस एकाच पातळीवर बसतो, आणि जुनी फिल्म तर वांकलेली असते. मध्यावर फोकस धरला कीं कडा सुटतात.

उपाय असा. प्रथम फिल्म कांहीं दिवस जाड पुस्तकाखालीं सपाट करावी. मग फोकसचा बिंदु मध्य व कडा यांच्या दरम्यान ठेवावा. परीक्षा मात्र चेहऱ्यांवरून न करितां फिल्मच्या कणांवरून करावी. कारण फोटो काढतांना माणूस हलला असेल, कण हलत नाहींत. ते चारी कोपऱ्यांत सारखे दिसले, म्हणजे फोकस साधला.

दुसऱ्या खेपेस आम्हीं असेंच केलें. आजोबांच्या डोळ्यांवरील चष्मा त्यांच्या नातवानें प्रथमच पाहिला.