चाळीतून टॉवरमध्ये: सही करण्यापूर्वी

प्रश्न: लालबागच्या आमच्या उपकरप्राप्त चाळीत १६० चौरस फुटांची खोली आहे, पागडीची. बिल्डर बावीस मजली इमारतीत ३०० चौरस फूट देतोय. आई म्हणते, गॅलरी गेली की शेजार गेला. सही करावी का?

उत्तर: ३०० चौरस फूट चटई क्षेत्र ही बिल्डरची मेहेरबानी नव्हे, विकास नियंत्रण नियमावलीच्या नियम ३३(७) खाली निवासी भाडेकरूचा तो किमान हक्क आहे. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० फुटांच्या खोल्यांना ५०० फुटांची घरं मिळाली, पण ती योजना म्हाडाची. त्या आकड्यावर अडून बसू नका.

तुमचा खरा प्रश्न नकाशात आहे. नकाशा मागून घ्या आणि स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते ते बघा. अरुंद डक्टमध्ये उघडत असेल तर कुकरची वाफ घरातच फिरेल आणि दुपारीही दिवा लावावा लागेल. पुनर्वसनाची आणि विक्रीची इमारत यांत अंतर किती, तेही मोजा. आईचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. लिफ्टसमोरचा पॅसेज रुंद, उजेडाचा असला तर तिथे पापड वाळणार नाहीत, पण दोन खुर्च्या मांडता येतील. हे आत्ताच मागा; पाया भरल्यावर कोणी ऐकत नाही.

दुसरं, देखभाल खर्च. लिफ्ट, पंप, अग्निशमन यांचं मासिक बिल चाळीच्या भाड्याच्या कितीतरी पट येतं. त्यासाठी बिल्डर कॉर्पस निधी किती देणार, ते करारात आकड्यानिशी हवं. पर्यायी घराच्या भाड्याला बँक गॅरंटी मागा. करार नोंदणीकृत झाल्याशिवाय खोलीची चावी देऊ नका.