काँक्रीट त्यांचं, डेबिट नोट माझ्या नावावर

आरएमसी मेन कॉन्ट्रॅक्टर देणार, स्लॅब टाकून आम्ही देणार, असं ठरलेलं. पंप, व्हायब्रेटर, माणसं आमची. एम-३० त्यांच्याच प्लँटचं. तरी २८ दिवसांचे क्यूब फेल गेले तेव्हा डेबिट नोट फाटली ती माझ्या नावावर, आणि थेट आरए बिलाला टाचून. प्रोजेक्ट मॅनेजर मान वर न करता म्हणाले, "टाकलं तुम्हीच ना?"

मिक्सर भर दुपारी त्यांच्याच गेटवर ताटकळला होता आणि ड्रममध्ये पाणी सोडायला त्यांच्याच सुपरवायझरने लावलं होतं, हे त्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. क्वालिटीचा इंजिनिअर त्या दिवशी माझ्या शेजारी उभा राहून स्लंप बघत होता. आता तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. पैसे अडकतात, ते एक वेळ सोसता येतं. हे नाही पचत.

माझा फोरमन प्रत्येक चलनाच्या मागे गाडी गेटवर आल्याची वेळ, रिकामी झाल्याची वेळ आणि स्लंप लिहितो आणि संध्याकाळी त्याचे फोटो त्यांच्या ग्रुपवर टाकतो. त्याच जोरावर मी कोअर टेस्ट मागितली. आयएस ४५६ नुसार कोअरची सरासरी ग्रेडच्या किमान ८५ टक्के लागते आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली चालत नाही. आमचे कोअर पास झाले. क्यूबचे नमुनेही नियमाप्रमाणे नव्हते. १२० घनमीटरच्या स्लॅबला किमान ६ नमुने लागतात, प्रत्येकाचे ३ क्यूब. त्यांनी घेतले होते दोनच नमुने. तरी डेबिट नोट रद्द झाली नाही, "होल्डवर" गेली.

म्हणून सांगतो, माल त्यांचा असेल तर वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या: ताकदीची जबाबदारी पुरवणाऱ्याची, आपली फक्त टाकणं, व्हायब्रेशन आणि फिनिशिंग. क्युरिंग कोणाचं, तेही. पाणी घालायला सांगितलं तर पोअर कार्डवर सही मागा. सही नसेल तर गाडी परत. क्यूब भरताना आपला माणूस हजर हवाच, आणि एक सेट आपल्या खर्चाने बाहेरच्या लॅबला द्या.

"बॅक टू बॅक पेमेंट" हे शब्द दिसले की थांबा. क्लायंटने त्यांना दिले तर ते तुम्हाला देणार, एवढाच त्याचा अर्थ. रिटेन्शन कधी सुटणार हे आपल्या शेवटच्या स्लॅबच्या तारखेपासून मोजायला लावा, इमारतीच्या ओसीपासून नव्हे. दंडाची रक्कम करारात छापलेली असली तरी घाबरू नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ती कमाल मर्यादा असते, भरपाई वाजवी तेवढीच मिळते.

उद्यम नोंदणी करून ठेवा. एमएसएमई कायद्यात पैसे देण्यासाठी कमाल ४५ दिवसांची मुदत आणि त्यानंतर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आहे. पण मालासकट कामाचे करार या कायद्यात बसत नाहीत, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिले आहेत. तेव्हा ऑर्डर नुसत्या लेबर रेटची असेल तर तसं स्पष्ट लिहून घ्या आणि वकिलाला दाखवा. बाकी कागद जपून ठेवा, सही केल्याशिवाय काम सुरू करू नका, हे सगळेच सांगतात.

माझं रिटेन्शन अजून तिकडेच आहे. नोटीस गेली आहे. दुसऱ्या टॉवरसाठी त्यांचे फोन येतात; आधीचा हिशोब मिटेपर्यंत तिकडे एक गाडीही उतरवणार नाही.