४१ किलोमीटर उंचीवरचे जिवाणू आणि आपला वर्ग



परिसर अभ्यासात सूर्यमालेचा भाग सुरू झाला की एक प्रश्न ठरलेला असतो. "बाई, दुसऱ्या ग्रहावर कुणी राहतं का?" पूर्वी या प्रश्नामागे कार्टून असायचं, आता मोबाइल असतो. 'इस्रोला अंतराळातले जीव सापडले' असा मजकूर इकडे पाबळलाही फिरत फिरत येतो आणि मग पालकच रस्त्यात थांबवून विचारतात, खरं आहे का हो हे? माझं उत्तर असं असतं: यातला फुगा खरा आहे, जिवाणू खरे आहेत, इस्रोही खरी आहे. 'अंतराळातले' हा शब्द तेवढा कुणीतरी पदरचा घातलाय.

हा प्रयोग मुलांना नीट सांगता यावा म्हणून हा लेख. प्रयोग आपल्या जयंत नारळीकर सरांचा आहे, म्हणून तर सांगायलाच हवा. मे २०२५ मध्ये सर गेले, तेव्हा त्यांच्या विज्ञानकथांबद्दल पुष्कळ लिहून आलं. या फुग्याबद्दल त्यामानाने कमीच.

आधी थोडी पार्श्वभूमी. केंब्रिजमध्ये नारळीकरांचे गुरू होते फ्रेड हॉयल. हॉयल आणि त्यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांचं म्हणणं असं, की जीवसृष्टीचं बी पृथ्वीवर तयारच झालं नसावं. ते धूमकेतूंच्या धुळीबरोबर वरून पडलं असावं, आणि आजही पडत असावं. बहुतेक शास्त्रज्ञांना हे पटत नव्हतं, आजही पटत नाही. पण पटत नाही म्हणून नुसता वाद घालण्यापेक्षा तपासून पाहता येईल का? वरून काही पडत असेल तर ते वाटेतच झेलायचं, जमिनीवरची धूळ जिथे सहसा पोचत नाही अशा उंचीवर. कल्पना इतकी साधी आहे की चौथीतल्या मुलांनाही लगेच कळते.

पहिला प्रयत्न २००१ साली झाला, दुसरा २० एप्रिल २००५ रोजी. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र आहे, तिथून. दुसऱ्या वेळच्या फुग्याचं आकारमान होतं २ कोटी ६७ लाख घनफूट. हा आकडा फळ्यावर लिहून काहीच होत नाही. आपल्या भागातल्या मुलांना टँकर माहीत आहे, म्हणून मी टँकरमध्ये सांगते: दहा हजार लिटरचे सुमारे ७५ हजार टँकर त्या फुग्यात रिकामे करता आले असते. त्याखाली टांगलेल्या उपकरणांचं वजन होतं ४५९ किलो, आणि त्यात ३८ किलो द्रवरूप निऑन होता.

निऑन कशासाठी? इथे थांबून मुलांना विचारा, कारण सगळी गंमत इथेच आहे. ४१ किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या हजार भागांपैकी जेमतेम तीन भाग उरतो. इतक्या विरळ हवेत डबा उघडला तर त्यात येणार किती? मग ती हवा ओढून घ्यायची कशी? द्रव निऑनचं तापमान उणे २४६ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. त्यात बुडवलेल्या पोलादी नळकांड्याचं तोंड उघडलं की आत येणारी हवा आतल्या भिंतीवर गोठून बसते, जागा रिकामी होते आणि आणखी हवा आत येते. पंप नाही, पंखा नाही, नुसत्या गारव्याने ओढलेली हवा. फ्रिजमधल्या गार तांब्यावर बाहेरून पाणी जमतं तिथून सुरुवात केलीत तर मुलं हे स्वतःच सांगतात.

आणि ४१ किलोमीटर म्हणजे किती? नकाशावर पट्टी ठेवून पाबळ ते पुणे सरळ रेषेत मोजा, साधारण ४० भरतं. तेवढंच अंतर, फक्त उभं.

२० ते ४१ किलोमीटर दरम्यान वेगवेगळ्या उंचीवर ही नळकांडी हवा भरून घेत गेली आणि पॅराशूटने खाली आली. नमुने दोन प्रयोगशाळांत तपासले गेले. एक हैदराबादची सीसीएमबी, दुसरी पुण्याची एनसीसीएस. दोन का, हेही मुलांना विचारण्यासारखं आहे. एकाने तपासलेलं दुसऱ्यानेही स्वतंत्रपणे तपासलं तर चुकीला वाव कमी राहतो.

मार्च २००९ मध्ये इस्रोने निष्कर्ष जाहीर केले. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या होत्या. त्यातल्या बहुतेक ओळखीच्याच, पृथ्वीवरच्या जातींशी जुळणाऱ्या. तीन जिवाणू मात्र तोवर कुणी नोंदवलेले नव्हते. एकाला हॉयल यांच्या नावावरून जॅनीबॅक्टर हॉयली हे नाव मिळालं, दुसऱ्याला इस्रोवरून बॅसिलस इस्रोनेन्सिस, तिसऱ्याला आर्यभटावरून बॅसिलस आर्यभट्टाय. या तिघांना अतिनील किरणं त्यांच्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा जास्त सोसत होती. ओझोनचा बराचसा थर ४१ किलोमीटरच्या खालीच राहतो, त्यामुळे तिथे जगायचं तर हे अंगी हवंच.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. हे जिवाणू पृथ्वीबाहेरचे आहेत असं या प्रयोगाने निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हे इस्रोने त्याच निवेदनात सांगून टाकलं. पुढे शोध घ्यायला उत्साह देणारे निष्कर्ष आहेत, एवढंच म्हटलं. विचार करा, प्रयोगाचे प्रमुख नारळीकर. गुरूंची कल्पना खरी ठरली असती तर त्यांना आनंद झाला नसता का? जिवाणूला गुरूंचं नावही मिळालं. तरी जेवढं दिसलं तेवढंच जाहीर झालं. वर्गात हा भाग घाईत उरकू नका अशी माझी विनंती आहे. मुलांना 'भारताने शोध लावला' हे वाक्य लगेच पाठ होतं, पण शोध कुठे थांबला हे सांगायला आपण विसरतो.

सिद्ध का होत नाही? मुलांना सांगा, घरात अनोळखी मांजर दिसलं तर ते कुठून आलं असेल? जिवाणूंनाही तीन वाटा होत्या. वरून पडले. खालून वर गेले. नाहीतर फुग्याबरोबर, दोरीबरोबर, उपकरणांबरोबर चोरून प्रवास केला. तिसरी वाट बंद करायला नळकांडी निर्जंतुक केली होती आणि बरीच काळजी घेतली होती, त्यामुळे जिवाणू वरच सापडले यावर शास्त्रज्ञांचा विश्वास आहे. दुसरी वाट मात्र उघडीच राहते. पावसाळी ढगांची मजल आपल्याकडे साधारण १६-१८ किलोमीटरपर्यंत, त्यावरची हवा शांत, थराथराची. पण १९९१ साली फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीने राख ३५ किलोमीटरच्या आसपास फेकली होती. म्हणजे वर जाणं अवघड आहे, अशक्य नाही. आणि वरून तर रोज कित्येक टन अवकाशातली धूळ पृथ्वीवर पडतच असते.

'पण बाई, ते नवीन होते ना!' हा आक्षेप येतोच, यायलाच हवा. नवीन म्हणजे आपण आधी नोंदवलेलं नाही एवढंच. चमचाभर मातीत असे कितीतरी जीव असतात ज्यांना अजून नाव नाही. बॅसिलस आर्यभट्टायचंच पुढे काय झालं बघा. नंतर तो ठिकठिकाणच्या मातीत सापडत गेला. मध्य भारतातल्या काळ्या जमिनीतल्या सोयाबीनच्या मुळांजवळच्या अशा जिवाणूंवरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला; पिकाला जस्त मिळवून द्यायला ते मदत करतात. (हल्ली त्याचं कुळनाव बदलून प्रीस्टिया केलंय, पालकांनी नेटवर शोधताना गोंधळू नये.) आकाशात पहिल्यांदा भेटलेला पाहुणा शेतकऱ्याच्या बांधावरचा निघाला! यावरून तो खालून वर गेला हेही सिद्ध होत नाही बरं का. पण 'नवीन म्हणून परका' हा युक्तिवाद मात्र संपला.

'एवढ्या कठीण जागी जगतो म्हणजे परग्रहावरचाच' हाही असाच घसरणारा युक्तिवाद. त्याला उत्तर लोणारला आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालं, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. मंगळावरही बेसाल्ट आणि आघातविवरं आहेत, म्हणून मंगळाचा अभ्यास करणाऱ्यांना लोणारचं आकर्षण. पाणी खारट, सामू १० च्या आसपास. अशा पाण्यात मासा टिकत नाही, पण सूक्ष्मजीव सुखाने नांदतात. जून २०२० मध्ये तलाव गुलाबी झाला तेव्हा काय काय ऐकायला मिळालं ते आठवा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं तर मिठात वाढणारे हॅलोआर्किया निघाले. पाणी स्थिर ठेवलं, जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. रंग पाण्याचा नव्हताच, जीवांचा होता.

हे सगळं नुसतं सांगून भागत नाही. पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने करून शिकण्यासाठीच, तेव्हा आपण तरी नुसत्या गोष्टी का सांगाव्यात? नारळीकरांच्या प्रयोगाचं लहान रूप वर्गात होतं.

झाकणाच्या तीन सारख्या काचेच्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत उकडलेल्या बटाट्याची एक चकती. झाकणं सैल ठेवून बाटल्या कुकरमध्ये २० मिनिटं वाफवा. हे काम मोठ्यांनीच करायचं, आणि कुकर पूर्ण गार झाल्यावरच उघडायचा. नुसतं उकळून चालणार नाही का? नाही. बॅसिलस जातीचे जिवाणू कठीण काळात बीजाणू करून बसतात आणि उकळत्या १०० अंशांतूनही ते वाचू शकतात. कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० च्या जवळ जातं. (म्हणजे कठीण जागी जगणारा जीव पाहायला लोणारलाही जायला नको, तो बटाट्यावरच असतो.) गार झाल्यावर झाकणं घट्ट लावा. पहिली बाटली उघडायचीच नाही. दुसरी शाळेच्या गच्चीवर नेऊन दहा मिनिटं उघडी ठेवायची. तिसरीतल्या चकतीला न धुतलेलं बोट लावायचं. तारखांच्या चिठ्ठ्या चिकटवून पाचसहा दिवस रोज निरीक्षण आणि चित्र.

बहुतेक मुलांना पहिली बाटली कंटाळवाणी वाटते, तीत काही 'होत' नाही. पण समजा तीतही बुरशी आली, तर? मग गच्चीवरच्या बाटलीतली बुरशी गच्चीवरूनच आली असं म्हणता येईल का? माझ्या वर्गात यावर अर्धा तास भांडण झालं. शेवटी एक मुलगी म्हणाली, "मग दुसरीचं काहीच खरं नाही, सगळं परत करायला लागंल." परत केलं.

प्रयोग झाल्यावर बाटल्या मुलांना उघडू देऊ नका, वास तर अजिबात घेऊ देऊ नका. बंदच ठेवून, मोठ्यांनी झाकण जरासं सैल करून लगेच पुन्हा कुकरमध्ये वाफवा आणि मग चकत्या खड्ड्यात पुरा. सहल काढायची असेल तर लोणार लांब पडतं, पण खोडदची महादुर्बीण आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या शियापरेली यानाचा क्षीण संदेश तिने इथून ऐकला होता. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे शाळांसाठी प्रदर्शन भरतं, आधी चौकशी करून जा.