प्रवासात आजारपण आले तर

दिवाळीची सुटी लागली की जालन्याच्या रेल्वे स्थानकावर आपल्या मोहल्ल्यांतील कुटुंबे सामानसुमानासह दिसू लागतात. कोणी हैदराबादला नातलगांकडे निघतो, कोणी अजमेरला, तर कोणी मुलांना समुद्र दाखवायला मुंबईला. वर्षभर पैसा साठवून आखलेल्या या प्रवासात एखाद्याचा पाय मोडला किंवा लेकराला ताप भरला, की दोन प्रश्न उभे राहतात. नमाज आणि वुजूचे काय करावे, हा पहिला. ज्याच्यामुळे सहल मोडली त्याच्याशी कसे वागावे, हा दुसरा. पहिला प्रश्न लोक इमामाला विचारतात. दुसरा कोणी विचारत नाही, म्हणून आधी त्याकडेच वळू.

माननीय आयेशा (रजि.) प्रेषितांसोबत (स.) एका प्रवासात होत्या. वाटेत त्यांचा हार तुटून हरवला. तो शोधण्यासाठी प्रेषित (स.) थांबले आणि त्यांच्याबरोबर सारा काफिलाही थांबला. त्या ठिकाणी पाणी नव्हते आणि लोकांजवळही नव्हते. लोक माननीय अबू बकर (रजि.) यांच्याकडे तक्रार घेऊन गेले की तुमच्या मुलीने सर्वांना अडकवून ठेवले आहे. ते आले, लेकीला नाही नाही ते बोलले आणि कमरेत हाताने ढोसूही लागले. प्रेषित (स.) तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपले होते, म्हणून ती हललीसुद्धा नाही. सकाळी तयम्मुमची आज्ञा अवतरली. आज पाण्याअभावी किंवा आजारपणामुळे मातीवर हात मारून नमाजसाठी पाक होण्याची जी सोय आपल्याला आहे, ती या थांबलेल्या काफिल्यामुळे मिळाली. माननीय उसैद बिन हुजैर (रजि.) यांनी तर अबू बकर यांच्या घराण्यामुळे लाभलेली ही पहिलीच बरकत नव्हे, असे म्हटले. नंतर उंट उठवला, तेव्हा हार त्याच्याखालीच सापडला. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. ती वाचताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. रागावले ते वडील, प्रेषितांच्या (स.) तोंडी आयेशांना दोष देणारा एक शब्दही तेथे नाही.

गेल्या सुटीत आमच्या जमातीतील एक कुटुंब हैदराबादला गेले होते. तिसऱ्याच दिवशी नातलगांच्या न्हाणीघरात दादी घसरल्या आणि पाय मोडला. घरच्या कर्त्याने मला फोन केला तो मसला विचारायला. परंतु मागून आवाज येत होता तो वेगळाच. जाण्याचा हट्ट सुनेने धरला होता, म्हणून सारे खापर तिच्यावर फुटत होते. दादी स्वतः मात्र, माझ्यामुळे लेकरांचा हिरमोड झाला, म्हणून रडत होत्या. मी त्यांना सांगितले की, बंदा आजारी पडला किंवा प्रवासात असला, तर निरोगी असताना घरी तो जी सत्कर्मे करीत असे त्यांचे पुण्य त्याच्या नावे लिहिले जाते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. बुखारीतील या हदीसमध्ये प्रवास आणि आजार एकत्रच आले आहेत, आणि दादींना तर दोन्ही गोष्टी लागू होत्या.

आता मसल्याकडे येऊ. पायाला प्लास्टर असेल तर वुजू करताना उरलेला भाग धुवावा आणि प्लास्टरवरून ओला हात फिरवावा. चामडी मोज्यांवरील मसहला मुसाफिरासाठी तीन दिवस-रात्रींची मुदत असते. प्लास्टरला अशी मुदत नाही. ते वुजू असताना बांधलेले असले पाहिजे, अशीही अट नाही. पाण्याने अपाय होणार असेल तर तयम्मुम आहेच. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर पडून नमाज अदा करावी, हे माननीय इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीच्या त्रासात स्वतः प्रेषितांनी (स.) सांगितले होते. तरीही मोडक्या हाडाच्या म्हातारीला ‘जरा हिंमत करा’ म्हणून उभे करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी अबू दाऊदमधील एक हदीस जरूर वाचावी. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगडाने जखम झाली होती. त्याला गुस्लची गरज पडली. त्याने सोबत्यांना विचारले, तेव्हा पाणी असताना तुला तयम्मुमची सवलत नाही, असे त्यांनी सांगितले. तो न्हाला आणि दगावला. हे कळल्यावर प्रेषित (स.) सोबत्यांवर अत्यंत रागावले, त्या मृत्यूचा दोष त्यांच्याच माथी ठेवला आणि माहीत नव्हते तर विचारले का नाही, असा सवाल केला.

कसरविषयी सर्वाधिक गोंधळ होतो. हनफी मसलकानुसार मुसाफिर ठरण्यासाठीचे अंतर आपल्याकडे साधारणतः 78 किलोमीटर धरतात. काही उलेमा 92 सांगतात. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर सुमारे 60 किलोमीटर आहे. म्हणून तेथील इस्पितळात रुग्णाजवळ बसणाऱ्याने पूर्ण नमाज अदा करावी, मग तो कितीही दमलेला असो. हैदराबादची गोष्ट वेगळी. तेथे पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्कामाचा इरादा असेल तर जुहर, असर आणि इशाच्या फर्ज नमाजा दोन-दोन रकअत होतील. दादींना डॉक्टरांनी तीन आठवडे हलू नका म्हटले आणि त्यांनी तसे ठरवले, तेव्हापासून त्यांच्यावर चार रकअत. चार दिवसांनी परतणारा मुलगा मात्र दोनच. एकाच खोलीत दोन हिशेब! मुलाने इमामत केली तर तो दोनवर सलाम फेरील आणि दादी आपल्या उरलेल्या दोन पूर्ण करतील.

आणि डॉक्टर रोजच ‘उद्या पाहू’ म्हणत असतील तर? मुक्काम पंधरा दिवसांवर गेला तरी, तसा इरादा केलेला नसल्याने कसरच राहील. माननीय इब्ने उमर (रजि.) अझरबैजानमध्ये बर्फामुळे सहा महिने अडकून पडले होते आणि तेवढा सारा काळ कसर करीत होते, अशी रिवायत आहे.

मुलगा परतला, त्या दिवशी गाडीतील गर्दीत त्याची असर हुकली. ती घरी कशी अदा करावी, असे त्याने जालन्यात उतरल्यावर विचारले. ती प्रवासात कजा झाली, म्हणून घरीही दोनच रकअत. त्याउलट घरी कजा झालेली जुहर प्रवासात अदा केली, तरी तिच्या चारच रकअत होतील.